आपल्या जिल्ह्यात कोणते प्रतिजैविक चालते, हे कळायची सोय का नाही?

सिंदफणा

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. लघवीची जळजळ, जखमेत झालेला पू, चार-चार दिवस न उतरणारा ताप अशा तक्रारी घेऊन रोज माणसे येतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, लिहून द्यावे लागते. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून त्यावर कोणते औषध चालते हे पाहणाऱ्या तपासणीचा, अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, नमुना जिल्ह्याच्या गावी पाठवावा लागतो आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाला तो खर्च झेपेलच असे नाही. त्यामुळे पहिली गोळी अंदाजानेच लिहावी लागते. हा अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा, हा माझा प्रश्न आहे.

राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना मी वाचतो. त्या सूचनांमध्येच म्हटलेले असते की, औषधाची निवड स्थानिक प्रतिरोधाची, म्हणजे तिथले जंतू कोणत्या औषधांना जुमानत नाहीत याची, माहिती पाहून करावी. केज, गेवराई किंवा माजलगावच्या डॉक्टरने ही स्थानिक माहिती कुठे पाहायची? लातूरच्या बाजारात सोयाबीनला आणि तुरीला आज काय भाव निघाला, हे माझ्या शेतकरी रुग्णांना दुपारपर्यंत मोबाइलवर कळते. पण लघवीच्या संसर्गात नेहमी सापडणाऱ्या ई. कोलाय जंतूवर आपल्या जिल्ह्यात सेफिक्झिम हे प्रतिजैविक किती टक्के चालते, हे मला वर्ष सरले तरी कळत नाही.

कल्चरचे अहवाल तयार होतच नाहीत, अशी स्थिती नाही. अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, खासगी प्रयोगशाळाही आहेत. मात्र बहुतेक अहवाल रुग्णाच्या फायलीत जातो आणि तिथेच त्याचे काम संपते. माझे मत असे आहे की, दर जिल्ह्याने वर्षातून एकदा हे सारे अहवाल एकत्र करून एक पानभर तक्ता प्रसिद्ध करावा. यात अडचण नेमकी कुठे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

मांजराकाठ

डॉक्टरसाहेब, मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते, त्यामुळे या प्रश्नाची दुसरी बाजू रोज पाहते.

देशात माहिती गोळा होते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०१३ साली प्रतिजैविक-प्रतिरोधावर नजर ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले आणि त्यात महाराष्ट्रातून मुंबई, पुणे व सेवाग्राम येथील मोठ्या संस्था आहेत. एनसीडीसीचे, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचे, जाळे वेगळे आहे. ते प्रामुख्याने राज्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडून माहिती घेते. देशोदेशींची प्रतिरोधाची माहिती एकत्र करणारी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ग्लास’ ही व्यवस्था २०१५ मध्ये सुरू झाली आणि भारत तिच्यात २०१७ मध्ये सामील झाला. प्रतिरोधाविरुद्धचा आपला पहिला राष्ट्रीय कृती आराखडाही २०१७ चाच, आणि त्यात देखरेख हा एक मुख्य भाग होता.

यातून हाती येणारे चित्र चिंतेचे आहे. आयसीएमआरच्या वार्षिक अहवालांनुसार ई. कोलायचे जे नमुने इमिपेनेम या वरच्या पायरीच्या इंजेक्शनाला दाद देत होते, त्यांचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते; २०२३ मध्ये ते सुमारे ६३ टक्क्यांवर आले. अतिदक्षता विभागांतील अॅसिनेटोबॅक्टर या जंतूचे तर दहांपैकी जवळजवळ नऊ नमुने इमिपेनेम ज्यात येते त्या कार्बापेनेम गटाला जुमानत नाहीत.

परंतु हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मोठ्या रुग्णालयात ज्याचे कल्चर होते, तो रुग्ण बहुधा दोन-तीन डॉक्टरांच्या हाताखालून आणि दोन-तीन प्रतिजैविके घेऊन तिथे पोचलेला असतो. साध्या जळजळीची जी बाई तुमच्याकडे पहिल्यांदा येते, तिचा जंतू या आकड्यांत नसतो. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरने हे आकडे जसेच्या तसे उचलून पहिल्याच दिवशी वरच्या पायरीचे इंजेक्शन सुरू केले, तर ज्या संकटाची मोजणी चालली आहे, त्यालाच हातभार लागेल. तुम्ही मागता तो स्थानिक तक्ता यासाठीच हवा.

कयाधू

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, हिंगोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिला वरचेवर लघवीचा संसर्ग होत असे. दर वेळी पाच दिवसांच्या गोळ्या मिळत, तिसऱ्या दिवशी बरे वाटले की ती उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवी, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच दुखणे परत येई. गावातल्या कोणीही कल्चर करायला सांगितले नाही. शेवटी थंडी वाजून ताप आला, तेव्हा नांदेडला नेले. तिथे पहिल्यांदा कल्चर झाले आणि अहवालात औषधांच्या लांबलचक यादीपुढे एकामागून एक ‘आर’, म्हणजे ‘औषध चालत नाही’, लिहून आला. तोंडाने घेण्याजोगे एकच औषध उरले होते.

आता मला असे विचारायचे आहे की, माझ्या आईच्या आधीच्या साऱ्या दुखण्यांची नोंद कोणत्या आकड्यात झाली? कल्चर झालेच नाही, तर गोळी लागू पडली नाही ही गोष्ट कोणालाच कळत नाही. आणि ज्या दिवशी मोजणी झाली, त्या दिवशी सगळ्यात वाईट निकाल तेवढा मोजला गेला.

मांजराकाठ

कयाधूताई, मी वर जे सांगू पाहत होते, ते तुम्ही अधिक स्पष्ट सांगितलेत. आईंची तब्येत आता बरी असेल अशी आशा करते.

दुधनातीर

माझे जालना जिल्ह्यात औषधांचे दुकान आहे. या विषयात आमच्याकडे बोट दाखवले जाते, म्हणून आमची बाजू मांडतो.

शेड्यूल एच-वनची, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीची, तरतूद १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्सोन, मेरोपेनेम अशी औषधे त्यात येतात. ती विकताना डॉक्टरचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण हे सारे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपून ठेवायचे असते. मी ते भरतो. औषध निरीक्षक आले की त्यावर सही होते. पण त्या रजिस्टरमधली बेरीज कोणी मागितली आहे, असे कधी घडले नाही. आमच्या तालुक्यात एका पावसाळ्यात सेफिक्झिमच्या किती गोळ्या खपल्या, हे त्या वह्यांवरून सांगता येईल. जंतूंच्या तक्त्याशेजारी औषधांच्या खपाचा तक्ता ठेवला, तर कारण आणि परिणाम एकाच कागदावर दिसतील. ॲझिथ्रोमायसिनसारखे भरमसाट खपणारे औषध एच-वनच्या मूळ यादीत नव्हतेच, हेही इथे सांगायला हवे.

चिठ्ठीशिवाय औषध देऊ नये, हे मला मान्य आहे. पण ज्या वाडीपासून डॉक्टर वीस किलोमीटरवर आहे आणि शेवटची एसटी निघून गेली आहे, तिथला बाप रात्री आजारी मुलासाठी दारात उभा राहिला, तर कायद्याचे कलम वाचून दाखवून दुकानदार झोपू शकत नाही.

तेरणा

दुधनातीर यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. रात्रीचा आजारी मुलगा हा अपवाद आहे. दिवसाढवळ्या ‘सर्दी झाली, दोन गोळ्या द्या’ म्हणणाऱ्यांची रांग हा नियम आहे, आणि त्या अपवादाच्या आडून तो नियम चालतो. दोन गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, त्यांच्यातले चिवट तेवढे मागे राहतात.

केरळने २०१८ मध्ये राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला, असे करणारे ते देशातले पहिले राज्य. तिथे राज्य पातळीवरचा अँटिबायोग्राम, म्हणजे कोणत्या जंतूवर कोणते औषध किती टक्के चालते याचा तक्ता, प्रसिद्ध होतो आणि २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्री रोखण्याची मोहीमही हाती घेण्यात आली. आपण आधी मोजणी करू, मग विक्री रोखू, असे म्हणत बसलो तर मोजणी पूर्ण होईपर्यंत मोजण्यासारखे औषध शिल्लक राहणार नाही.

सिंदफणा

तेरणा, दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात, आणि विक्री रोखल्याचा परिणाम झाला की नाही, हेही मोजणीशिवाय कळणार नाही. दुधनातीर यांनी सुचवलेली खपाची बेरीज मला फार मोलाची वाटते.

काळी आई

वाचनखूण साठवली आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

लॅबवाला लातूर

मी खासगी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. तक्ता कसा करायचा याच्या आधी तक्त्यात जाणारा आकडा कसा तयार होतो, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण खरी गळती तिथे आहे.

कल्चर प्लेटवर जंतूचा पातळ थर पसरतात, त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतात आणि ३५ अंशांवर १६ ते १८ तास उबवतात. सकाळी प्लेट काढून काळ्या पार्श्वभूमीवर धरली की चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. त्याचा व्यास पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात आणि ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे ‘एस’ (चालते), ‘आय’ (मधले) किंवा ‘आर’ (चालत नाही) लिहितात. रुग्णाच्या हाती ते एक अक्षर जाते आणि मिलिमीटरचा आकडा बहुतेक ठिकाणी कुठेही उतरवला जात नाही. आता सिप्रोफ्लॉक्सॅसिन घ्या. प्रयोगशाळांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे ई. कोलायसाठी २१ मिलिमीटर वा त्याहून मोठे वर्तुळ म्हणजे ‘एस’ होते. २०१९ पासून ‘एस’ लिहायला किमान २६ मिलिमीटर लागतात आणि २१ वा त्याखालचे वर्तुळ ‘आर’ ठरते. म्हणजे २१ मिलिमीटरचे वर्तुळ २०१८ मध्ये ‘औषध चालते’ या रकान्यात होते आणि २०१९ मध्ये ‘चालत नाही’ या रकान्यात गेले, जंतूत तसूभरही फरक न पडता. एक प्रयोगशाळा जुने कोष्टक वापरते, दुसरी नवे, आणि आपण दोघांची अक्षरे एकत्र केली, तर तयार होणारा तक्ता दिशाभूल करील. म्हणून अक्षरे गोळा करू नयेत, मिलिमीटर गोळा करावेत. जागतिक आरोग्य संघटनेचे व्होनेट हे सॉफ्टवेअर मोफत मिळते, इंटरनेटशिवाय चालते आणि कोष्टक बदलले तरी जुन्या मिलिमीटरवरून नवा अर्थ काढून देते.

दुसरी अडचण नमुन्याची आहे. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे, नाहीतर थंड राहिला पाहिजे. आमच्याकडे मे महिन्यात एसटीच्या पार्सलने पिशवीतून डब्या येतात. बाहेर पारा चाळिशीपार असताना तीन-चार तास प्रवास केलेल्या लघवीत जंतू वाढून बसतात, आणि ज्याला संसर्गच नाही त्याच्याही अहवालात जंतूंची संख्या मिलिलिटरमागे एक लाखाच्या वर येते. बोरिक ॲसिड घातलेल्या डब्या मिळतात; त्यांत नमुना बाहेरच्या तापमानालाही दिवसभर टिकतो. हा खर्च फार नाही, पण तो कोणी करायचा हे ठरलेले नाही.

तिसरी गोष्ट तपासणीवरच्या तपासणीची. एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित ई. कोलाय नेमाने लावून त्याची वर्तुळे ठरलेल्या मर्यादेत येतात का, हे पाहावे लागते. चकत्या फ्रीजमध्ये असतात आणि लोडशेडिंगमध्ये फ्रीज बंद पडला, की सगळ्यात आधी त्या बिघडतात. बिघडलेल्या चकतीभोवती वर्तुळ लहान येते आणि बिचाऱ्या जंतूवर प्रतिरोधाचा शिक्का बसतो. जी प्रयोगशाळा हा प्रमाणित जंतू लावत नाही, तिचा आकडा तक्त्यात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भले तक्ता लहान झाला तरी चालेल.

सिंदफणा

लॅबवाला, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. २१ मिलिमीटरचे उदाहरण मला कोणत्याही व्याख्यानात ऐकायला मिळाले नव्हते.

छेद आणि अंश

मी साथरोगशास्त्र शिकवतो. कयाधूताईंनी मांडलेला मुद्दा क्षयरोगाच्या कार्यक्रमाने आकड्यांत दाखवून दिला आहे. २०१४ ते २०१६ या काळात देशभर क्षयरोगाच्या औषध-प्रतिरोधाची पाहणी झाली. त्यात एकापेक्षा अधिक मुख्य औषधांना न जुमानणारा क्षयरोग नव्या रुग्णांमध्ये २.८४ टक्के आढळला, तर आधी उपचार घेतलेल्यांमध्ये ११.६ टक्के. फरक चौपटीचा आहे. केवळ मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात बसून मोजले असते, तर दुसऱ्या आकड्यालाच आपण गावाचा आकडा समजलो असतो.

त्यामुळे सिंदफणा यांच्या मूळ प्रस्तावात मी एक दुरुस्ती सुचवतो. जिल्ह्यातले सगळे अहवाल एकत्र केले तरी तो तक्ता ‘ज्यांचे कल्चर करावेसे डॉक्टरांना वाटले’ अशांचाच होईल. त्याला पूरक म्हणून वर्षातले काही ठरावीक आठवडे निवडावेत. जिल्ह्यातल्या निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर त्या आठवड्यांत लघवीच्या तक्रारीने येणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे, अगदी प्रत्येकाचे, कल्चर मोफत करावे आणि त्याने आधी प्रतिजैविक घेतले होते का, हे विचारून लिहून ठेवावे. शे-दोनशे नमुन्यांतून तालुक्याच्या डॉक्टरला मिळणारे उत्तर हजारो रुग्णालयीन अहवालांपेक्षा त्याच्या अधिक उपयोगाचे असेल.

आणखी एक खबरदारी. एका रुग्णाचे कल्चर भरती असताना चार वेळा होते आणि चारही वेळा तोच हट्टी जंतू निघतो. चारही मोजले तर प्रतिरोध फुगतो. म्हणून वर्षात एका रुग्णाचा एका जातीचा पहिलाच जंतू मोजायचा, असा संकेत आहे. तसेच एखाद्या जातीचे किमान ३० नमुने नसतील, तर तिची टक्केवारी छापू नये. दहांपैकी सहा म्हणजे ६० टक्के, हे गणित बरोबर असले तरी त्यावर औषध लिहू नये.

मन्याड

ऊसतोड कामगारांचे काय करायचे, यावर कोणी बोलले नाही. बीड, जालना, परभणी भागातली लाखो माणसे दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि वर्षातले पाच-सहा महिने फडावर राहतात. पाण्याची आणि आडोशाची सोय नसल्याने बायकांना लघवीचे संसर्ग फार होतात. तिथे कारखान्याजवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेतात, चुकून कल्चर झालेच तर पत्त्याच्या रकान्यात तिथले गाव येते. परत आल्यावर तो जंतू धारूर-वडवणीचा असतो. जिल्हावार तक्ता करताना पत्ता कोणता धरायचा, आणि गेल्या सहा महिन्यांत रुग्ण कुठे होता हे कोणी विचारणार आहे का?

छेद आणि अंश

मन्याड, मुद्दा मोलाचा आहे. कायमच्या पत्त्याचा तालुका आणि गेल्या सहा महिन्यांतले वास्तव्य, असे दोन रकाने ठेवले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो. मी सुचवलेल्या आठवड्यांपैकी निदान एक आठवडा टोळ्या परतल्यानंतरचा असावा, हे मी आता आवर्जून जोडतो.

पशुवैद्य उदगीर

माणसांपुरतेच मोजून भागणार नाही, हे सांगण्यासाठी लिहितो आहे. कासदाह, म्हणजे आपल्याकडे ज्याला दगडी म्हणतात, त्यात सडात ट्यूब सोडतात आणि वर इंजेक्शनेही देतात. उपचार चालू असताना आणि त्यानंतर ठरलेले दिवस ते दूध विकायचे नसते; पण घर त्या दुधावर चालत असेल, तर ते डेअरीत जाते. उपचार अर्धवट सोडण्याची सवय गोठ्यातही तीच आहे.

कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालण्याची प्रथा होती. माणसासाठी हे शेवटच्या फळीतले औषध असल्याने केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापराला बंदी घातली. डेन्मार्कने १९९५ पासूनच माणसे, जनावरे आणि अन्न या तिन्हींतला प्रतिरोध आणि औषधांचा वापर एकत्र मोजायला सुरुवात केली. आपल्याकडेही मासे आणि जनावरांसाठी आयसीएआरचे, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे, ‘इन्फार’ हे जाळे आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, म्हणजे मराठवाड्यात हे काम करू शकणारे हात आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ‘ट्रायसायकल’ नावाची पद्धत दिली आहे. तिच्यात एकच जंतू धरायचा, ईएसबीएल (अनेक प्रतिजैविके निकामी करणारे विकर) बनवणारा ई. कोलाय, आणि तो माणसांत, अन्नसाखळीत व सांडपाण्यात किती आहे हे एकाच रीतीने मोजायचे. मोठी यंत्रे नसलेल्या जिल्ह्याला हे झेपण्यासारखे आहे.

गोदाकाठ

थोडे विषयांतर वाटेल, पण टायफॉइडबद्दल लिहितो. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की आमच्या भागात घरोघरी ‘टायफॉइड निघाला’ असे ऐकू येते. हा निष्कर्ष बहुतेक वेळा विडाल चाचणीवरून काढलेला असतो. ती चाचणी रक्तातली प्रतिद्रव्ये पाहते. जंतू हाती लागत नाही, आणि ज्या भागात हा आजार नेहमीचा आहे तिथे जुन्या संसर्गामुळेही ती सकारात्मक येते. जंतूच हाती नसेल तर त्याच्यावर काय चालते हे मोजणार कसे?

मांजराकाठ

गोदाकाठ, हे विषयांतर मुळीच नाही. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉइड पसरला की, ज्यावर सेफ्ट्रिअॅक्सोनही चालत नाही. तिथे तो ओळखू आला, कारण रक्ताचे कल्चर होत होते. तसा जंतू उद्या आपल्याकडे आला, तर विडालच्या कागदावर त्याची चाहूलही लागणार नाही. आपल्याला फक्त ‘इंजेक्शनाने ताप उतरत नाही’ एवढेच दिसेल. रक्ताचे कल्चर टायफॉइडच्या निम्म्याच्या आसपासच रुग्णांत जंतू पकडते, हे खरे आहे. तरीही प्रतिजैविक देण्याच्या आधी आणि मोठ्या माणसाचे प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेतले, तर हाती बरेच लागते. आमच्याकडे येणाऱ्या बाटल्यांत पुष्कळदा त्याच्या निम्मेही रक्त नसते. लस कुठे द्यावी, हेही अशाच माहितीवर ठरते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये मुलांना टायफॉइडची नवी लस द्यायला सुरुवात केली. मराठवाड्यातल्या एखाद्या शहराने तशी मागणी करायची ठरवली, तर पुढे ठेवायला त्याच्याकडे आकडे असले पाहिजेत.

परिचारिका परभणी

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात काम केले आहे. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या रक्तातल्या संसर्गाचा मोठा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला हे जंतू सर्वाधिक निघाले आणि अॅसिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के एकाहून अधिक गटांच्या औषधांना दाद देत नव्हते. आमच्यासारख्यांना वर्षअखेरचा तक्ता पुरत नाही. एका आठवड्यात तीन बाळांच्या अहवालांत तोच जंतू आणि औषधांपुढे तीच अक्षरे त्याच क्रमाने दिसली, तर त्याच दिवशी सक्शनच्या नळ्या, बेसिन, हात धुण्याची जागा तपासली पाहिजे. हे अहवाल तीन वेगळ्या फायलींत राहिले, तर ते साम्य कोणाच्या नजरेला पडत नाही. कक्षाच्या भिंतीवर एक साधा तक्ता लावून त्यात प्रत्येक कल्चर हाताने उतरवले, तरी ते दिसते.

निळा डोंगर

मी खासगी रुग्णालय चालवतो आणि मला एक प्रामाणिक भीती मांडायची आहे. जे रुग्णालय प्रत्येक गंभीर रुग्णाचे कल्चर करते, त्याच्याकडे प्रतिरोधक जंतू जास्त सापडणारच. जे करत नाही, त्याच्या नावापुढे शून्य दिसेल. उद्या वर्तमानपत्रात रुग्णालयवार आकडे छापून आले, तर इमानदारीने तपासणाऱ्याच्या दारातली माणसे न तपासणाऱ्याकडे जातील. अशा स्थितीत माहिती देण्याची सक्ती केली, तर लोक कल्चर करणेच सोडतील. त्यातच २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. रुग्णाची माहिती बाहेर देताना आम्हालाही जपावे लागते.

तेरणा

भीती खरी असली तरी रुग्णाचाही हक्क आहे. ज्या अतिदक्षता विभागात तो पैसे भरून दाखल होतो, तिथे कोणते जंतू फिरतात हे त्याला कळायला नको का?

मांजराकाठ

निळा डोंगर यांचा मुद्दा मला पटतो आणि तेरणा यांचाही सोडवत नाही. सुरुवात तरी जिल्ह्याच्या एकत्रित तक्त्याने करावी, असे मी म्हणेन. रुग्णालयाला स्वतःचा आकडा आणि जिल्ह्याची सरासरी शेजारी-शेजारी कळवावी, बाहेर फक्त जिल्ह्याचा आकडा जावा. मात्र प्रत्येक रुग्णालयाने शंभर भरतींमागे किती रक्तकल्चर केली, हे नावानिशी जाहीर करायला हरकत नसावी. त्यामुळे न तपासणाऱ्याचे शून्य उघडे पडेल. नाव, फोन, घरचा पत्ता यांची तक्त्याला गरजच नाही. वय, स्त्री-पुरुष, तालुका, नमुना कशाचा, बाह्यरुग्ण की भरती, एवढे पुरते. क्षयरोगाची नोंद २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाली, तेव्हाही असेच आक्षेप होते, आणि आज ती नोंद होते.

निळा डोंगर

रक्तकल्चरची संख्या जाहीर करण्याची कल्पना न्याय्य आहे. तशी व्यवस्था झाली तर माझे रुग्णालय माहिती देईल.

सिंदफणा

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ खोल गेली. मूळ प्रश्नाकडे परत येतो. हा तक्ता तयार होईपर्यंत माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी काय लिहून द्यावे?

मांजराकाठ

ताप नाही, कुशीत दुखत नाही, उलट्या नाहीत, गरोदर नाही आणि मूत्रपिंडाचे काम ठीक आहे, अशा बाईच्या साध्या मूत्राशयाच्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन आजही चांगले चालते. मोठ्या रुग्णालयांतल्या आकड्यांतही ई. कोलायविरुद्ध ते टिकून आहे. ते लघवीत साठते, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसे पोचत नाही, म्हणून ताप किंवा कुशीत दुखणे असेल तर त्याच्यावर विसंबू नये. तिथे कल्चर पाठवून मगच औषध सुरू करावे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि सेफिक्झिम सवयीने लिहिणे थांबवावे. पुन्हा पुन्हा संसर्ग होणारी, मधुमेह असलेली, गरोदर किंवा नुकतीच भरती होऊन गेलेली बाई असेल, तर कल्चरचा खर्च वाचवू नये.

सिंदफणा

हे उपयोगी पडेल. माझ्या ओळखीच्या दोन प्रयोगशाळा आणि आमच्या तालुक्यातले काही डॉक्टर यांच्याशी मी बोललो आहे. येत्या पावसाळ्यापासून फक्त लघवीचे नमुने एकत्र नोंदवायला ते तयार आहेत. बोरिक ॲसिडच्या डब्यांचा खर्च आम्ही डॉक्टर वाटून घेऊ. लॅबवाला, नोंद कशी ठेवावी, हे कृपया सांगावे.

लॅबवाला लातूर

दोन्ही प्रयोगशाळांत व्होनेट टाकून घ्या आणि चकत्यांचा संच दोघींचा एकच ठेवा, नाहीतर एकीकडे फॉस्फोमायसिन तपासले जाईल आणि दुसरीकडे नाही. वर ठरलेल्या रकान्यांत आणखी दोन घाला: नमुना घेतल्याची वेळ व प्रयोगशाळेत पोचल्याची वेळ, आणि गेल्या महिन्यात प्रतिजैविक घेतले होते का. पहिला महिना आकडे कोणाला दाखवू नका. प्रमाणित जंतूची वर्तुळे दोन्हीकडे मर्यादेत येतात का, एवढेच पाहा. ज्या आठवड्यात ती मर्यादेबाहेर गेली, त्या आठवड्याचे नमुने बाजूला ठेवा. एटीसीसी २५९२२ ची ताजी प्लेट मी लातूरहून थंड पेटीत पाठवतो, पत्ता मला व्यक्तिगत निरोपात कळवा.